जबाब कुठल्या भाषेत द्यायचा?

(वन हक्क समित्यांच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी आमच्या गटाने केलेली मांडणी. बोलणं अर्धं पावरीत, थोडं भिलीत आणि थोडं मराठीत झालं. इथे सगळं मराठीत लिहून काढलं आहे. पाड्यावर वाचून दाखवताना ज्याने त्याने आपल्या बोलीत सांगावं.)



काल आपण दिवसभर फॉर्म भरायला शिकलो. नकाशा कसा काढायचा, शेताच्या चार बाजूंना कोण कोण आहे ते कसं लिहायचं, पुरावे कुठले जोडायचे हे सगळं झालं. आज सकाळी आम्हाला भाषेबद्दल बोलायला सांगितलंय. काल रात्री एका भाऊंनी विचारलं, "जमिनीच्या शिबिरात भाषेचं काय काम? ते मास्तरांचं काम." आम्ही त्यांना म्हटलं, दादा, तुमचं शेत डोंगरावर आहे, पण त्याचा निकाल कागदावर लागतो. कागदावर तुमचं बोलणं उतरतं. ते कोणी उतरवलं, कसं उतरवलं, कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत नेलं, यात कोणाची तीन एकर जमीन येते आणि कोणाची जाते. म्हणून हे बोलणं.

आधी आपण किती भाषा बोलतो ते बघू. काल जेवताना आम्ही हिशोब केला. धडगावकडच्या एका पोराला विचारलं, तुला किती भाषा येतात? तो म्हणाला, "एकच, पावरी. मराठी थोडी थोडी." मग आम्ही त्याचा बाजाराचा दिवस विचारत गेलो. घरातून निघताना आईशी पावरी. वाटेत वसावे-पाडवींच्या पाड्यावरचे लोक भेटले, त्यांच्याशी भिली. बाजारात किराणावाल्याशी अहिराणी मिसळलेली मराठी. एसटीच्या कंडक्टरशी मराठी. दिवाळीनंतर ऊसतोडीला बारडोलीकडे जातो तेव्हा मुकादमाशी गुजराती. सुरतेला बांधकामावर गेला तर बिहारच्या मिस्त्रीशी हिंदी. झाल्या की नाही सहा! आणि हा पोरगा म्हणतो मला एकच भाषा येते. कारण शाळेत ज्या भाषेची परीक्षा होते तेवढीच भाषा, असं आपल्याला शिकवलं गेलं. साहेबाला दोन येतात, तिसरीत तो अडखळतो, तरी तो शिकलेला. आपण सहा बोलतो आणि अडाणी. ही गंमत बघा.

आपल्या बाया तर पुढच्या. चारोळी, डिंक, मोहाची फुलं घेऊन बाजारात बसतात. व्यापाऱ्याशी त्याच्या भाषेत भाव करतात. मध्येच शेजारणीकडे वळून आपल्या भाषेत विचारतात, देऊ का, की थांबू? व्यापाऱ्याच्या नाकासमोर सल्ला होतो आणि त्याला कळत नाही. म्हातारी बाई तीन विसा म्हणते, तो साठ म्हणतो, हिशोब चुकत नाही. ही मोठी हुशारी आहे. अर्थात काही व्यापारी आपली भाषा शिकलेत, चांगली शिकलेत. आपली भाषा बोलतो म्हणून तो आपला माणूस, असं समजू नका. सावकारही भिली बोलायचा आणि भिलीतच व्याज सांगायचा.

मग प्रश्न असा की बाजारात एवढं बोलणारा माणूस तहसील कचेरीच्या पायरीवर मुका का होतो? लोक म्हणतात, भीती. भीती आहेच. पण आमच्या मते आणखी एक कारण आहे, ते नीट समजून घ्या. माणूस दुसरी भाषा जिथे शिकतो, तिथल्या कामापुरती शिकतो. ऊसतोडीला गेलेल्या माणसाला गुजरातीत कोयता, उचल, मोळी, गाडी, हिशोब, सगळं बोलता येतं. त्याच माणसाचं लेकरू तिथे आजारी पडलं तर डॉक्टरला गुजरातीत दुखणं सांगता येत नाही, हाताने पोट दाखवावं लागतं. त्याची गुजराती कच्ची आहे असं नाही. ती उसाच्या फडातली आहे. तशी आपली मराठी बाजाराची आहे, एसटीची आहे, रोजगार हमीच्या कामावरची आहे. जबाबाची मराठी वेगळी. तिथे "कब्जा", "वहिवाट", "सदर इसम", "उपरोक्त", "हरकत नाही" असले शब्द. हे शब्द बाजारात कोणी बोलत नाही. शहाद्याच्या शेतकऱ्यालाही त्यातले निम्मे कळत नाहीत, फरक एवढाच की तो साहेबाला उलट विचारतो.

म्हणून साहेब विचारतो, "मराठी येते का?" आणि आपण म्हणतो, "हो येते." दोघंही खरं बोलतात आणि तिथेच घोटाळा होतो. येते, पण कशापुरती? बाजारापुरती येते. जमिनीचा जबाब देण्यापुरती येते का, हे स्वतःला विचारा. येत असेल तर जरूर मराठीत बोला, झकास बोला. नसेल तर "मी माझ्या भाषेत सांगतो, लिहून घेणारा बोलवा" असं म्हणण्यात कमीपणा नाही. जो गुजराती साहेब महाराष्ट्रात येतो तो हिंदीत बोलतो, त्याला कोणी हसत नाही.

आता दुसरी गोष्ट, "हो" या शब्दाची. ही सगळ्यात महागात पडलेली गोष्ट आहे.

आपल्याकडे रात्री म्हातारा गोष्ट सांगतो तेव्हा एक जण हुंकारा देतो. हां, हां, असं म्हणत राहतो. हुंकारा थांबला की म्हातारा गोष्ट थांबवतो, विचारतो, झोपला का रे? हुंकारा म्हणजे मी ऐकतोय, पुढे सांग. राजा खरंच उडत गेला का, हे हुंकारा देणाऱ्याला पटलंय असा त्याचा अर्थ नसतो. मोठ्या माणसाशी बोलतानाही आपण असंच हां-हां करतो. तो मान झाला.

आता नाकेदार किंवा राऊंडवाला साहेब पाड्यावर येतो. खाटेवर बसतो. विचारतो, "ही झाडं तुम्ही तोडली ना?" म्हातारा म्हणतो, "हां." "दोन-तीन वर्षं झाली ना?" "हां साहेब." "आधी इथे जंगलच होतं ना?" "हां." म्हातारा हुंकारा देतोय. साहेब लिहितोय: "मी सन २००६ मध्ये झाडे तोडून अतिक्रमण केले, हे मला मान्य आहे." खाली अंगठा. आणि कायद्याची तारीख आहे १३ डिसेंबर २००५. त्या तारखेआधीपासून जो कसतो त्याचा हक्क. म्हाताऱ्याच्या बापाने केलेलं शेत, दोन हुंकाऱ्यांत तारखेच्या पलीकडे गेलं.

प्रश्नाच्या शेवटी लागलेला तो "ना" बघा. "तोडली ना?" "झाली ना?" या प्रश्नात उत्तर आधीच घातलेलं असतं. आपण फक्त मान हलवायची. म्हणून पहिला नियम करा: जबाबात "हो" आणि "नाही" एवढंच उत्तर द्यायचं नाही. पूर्ण वाक्य सांगायचं. "कोण कसतं?" "मी कसतो. आधी माझा बाप कसायचा. मी पोर होतो तेव्हापासून बघतोय." पूर्ण वाक्य वाकवायला कठीण जातं. "हां" कुठेही वाकतो.

ही अडचण एकट्या सातपुड्याची नाही. समुद्रापलीकडे ऑस्ट्रेलियात तिथले मूळ आदिवासी आहेत, त्यांची जमीनही बाहेरच्यांनी घेतली आणि राज्य इंग्रजीत चाललं. पोलिसाने विचारलं की तिथला आदिवासीही मान देऊन, कटकट संपावी म्हणून, हो हो म्हणायचा, आणि त्या होकारावर माणसं तुरुंगात जायची. १९७६ साली तिथल्या नॉर्दर्न टेरिटरी या भागाच्या वरच्या कोर्टात एक खटला आला, अनुंगा खटला म्हणतात त्याला. न्यायमूर्ती फॉर्स्टर यांनी पोलिसांसाठी नियम घालून दिले. ज्याला इंग्रजी नीट येत नाही त्याच्यासाठी दुभाषा बोलवा. त्याच्या विश्वासाचा एक माणूस शेजारी बसू द्या. उत्तर सुचवणारा प्रश्न विचारू नका. थकलेला, आजारी, प्यालेला असेल तर विचारू नका. आणि एक नियम तर आपण उचलावा असा आहे: "तुला गप्प राहायचा हक्क आहे" असं सांगितल्यावर "समजलं का?" एवढं विचारून सोडायचं नाही. काय समजलं ते त्याच्याच शब्दांत परत सांगायला लावायचं. कारण "समजलं का?" यालाही उत्तर "हो" असंच येतं.

आपल्या देशातही कायदा अगदीच गप्प नाही. २०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मध्ये कलम २७९ होतं. कोर्टात आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला कळेल अशा भाषेत भर कोर्टात समजावून सांगावी लागायची. त्यातल्या कलम २७८ प्रमाणे साक्षीदाराची साक्ष त्याला वाचून दाखवावी लागायची, आणि ती त्याला न कळणाऱ्या भाषेत लिहिली असेल तर समजावून सांगावी लागायची. पोलिसाने तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर तर सही-अंगठा घ्यायचाच नसायचा, ते त्यातलं कलम १६२. हे जुने आकडे पाठ करायची गरज नाही. फॉरेस्टच्या चौकशीची गोष्ट वेगळी आहे, तिथे पोलिसांचे सगळे नियम लागत नाहीत. म्हणून तिथे अंगठा देताना जास्त सांभाळायचं.

प्रत्येक जबाबाच्या शेवटी एक ओळ असते: "वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे." कितीतरी कागदांवर आम्ही ही ओळ बघितली. ती वाचून दाखवायच्या आधीच लिहिलेली असते. कधी कधी तर छापलेलीच असते. वाचून दाखवलं तरी साहेबाच्या मराठीत, एसटी घाटात धावते त्या वेगाने. म्हणून दुसरा नियम: ती ओळ खरी झाल्याशिवाय अंगठा नाही. वाचा म्हणायचं. हळू वाचा म्हणायचं. मग गावातला एक माणूस ते आपल्या भाषेत सांगेल. मग ज्याचा जबाब आहे तो माणूस स्वतःच्या तोंडाने सांगेल की यात काय लिहिलंय. जुळलं तर अंगठा. नाही जुळलं तर दुरुस्ती करा म्हणायचं. साहेबाला घाई असेल, शेवटची एसटी असेल. तुमच्या बापाला शेत करायला वीस वर्षं लागली, साहेब अर्धा तास थांबू शकतो.

आता वेळेचं आणि मापाचं सांगतो, कारण दाव्यात सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे.

आपली म्हातारी माणसं सन सांगत नाहीत. ती सांगतात, मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली, पहिला रस्ता झाला तेव्हा, इंदिराबाई मेली तेव्हा, मोठ्या पोरीचं लग्न झालं त्या होळीला. हे अडाणीपण नाही. ही त्यांची नोंदवही आहे आणि ती पक्की आहे. एका गावात मागच्या एका चौकशीत काय झालं ते ऐका. त्या वेळी रेघ होती २५ ऑक्टोबर १९८० ची, वन संवर्धन कायद्याची. म्हाताऱ्याने सांगितलं, मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली नेवाड काढलं. मोठा दुष्काळ म्हणजे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात १९७२ चा, सुकडी खाल्ली तो, खडी फोडली तो. म्हणजे नेवाड झालं १९७१ ला. लिहिणारा कारकून तरुण होता, त्याच्या डोक्यात त्याने पाहिलेला दुष्काळ. त्याने लिहिलं १९८५. म्हातारा खोटं बोलला नाही, कारकूनही मुद्दाम खोटं लिहीत नव्हता. पण कागद खोटा झाला आणि दावा गेला.

म्हणून वडीलधाऱ्यांचा जबाब लिहिताना त्यांचे शब्द जसेच्या तसे आधी लिहा. "मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली, ज्या साली अमक्याच्या विहिरीला पाणी लागलं", असं. त्याच्यापुढे सन लिहा आणि सन कसा काढला तेही लिहा. फक्त सन लिहिला तर वरची समिती म्हणेल, याला पुरावा काय? म्हाताऱ्याचे शब्द हाच पुरावा. हे आमचं म्हणणं नाही, नियमात आहे. १ जानेवारी २००८ ला जे नियम आले त्यातल्या नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात रेशनकार्ड आहे, मतदार ओळखपत्र आहे, वनखात्याच्या नोंदी आहेत, शेतातले बांध, घर, विहीर आहे, आणि दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं आणि लिहून घेतलेलं निवेदनही आहे. यातले कमीत कमी दोन पुरावे लागतात. म्हणजे तोंडाने सांगितलेलं, आपल्या भाषेत सांगितलेलं, सरकारने पुरावा म्हणून धरलंय.  ते नीट लिहिलं नाही तर वाया जाईल.

मापाचंही तसंच. "किती जमीन?" साहेब विचारतो एकरात. म्हातारी सांगते पेरणीत, इतक्या पायलीचं शेत. चढावर, दगडात पेरलेलं शेत आणि नदीकाठचं शेत, दोन्हीला बी सारखंच लागत नाही. कोणी "दोन" म्हणालं की कागदावर "२ एकर" येतं, त्याच्या मनात दोन पायली होत्या की दोन तुकडे होते ते कोणी विचारत नाही. समितीने जागेवर जायचं, चालून मोजायचं, आणि मग आकडा लिहायचा. कायद्याने चार हेक्टरपर्यंत मिळतं, जेवढं खरंच कसता तेवढं. तोंडी आकड्यावर शेत कमी करून घेऊ नका.

आणि "अतिक्रमण" या शब्दाबद्दल थोडं. हा शब्द आपल्या तोंडात इतका बसलाय की लोक सहज म्हणतात, "माझं अतिक्रमण त्या टेकडीवर आहे", "पोराच्या नावाने एक अतिक्रमण आहे", "अतिक्रमणात तूर पेरली". आपल्यासाठी तो शेताचा एक प्रकार झालाय. सातपुड्यात नेवाड म्हणतो, रायगड-ठाण्याकडे कातकरी-ठाकर दळी म्हणतात, कुठे एकसाली प्लॉट म्हणतात, तसाच हा एक शब्द. पण साहेबाच्या भाषेत अतिक्रमण म्हणजे गुन्हा. आपण बोलतो शेताबद्दल आणि लिहिला जातो गुन्ह्याचा कबुलीजबाब. एकच शब्द दोन भाषांत राहतो आणि दोन अर्थ सांगतो. कायद्याच्या प्रस्तावनेत सरकारने स्वतः मान्य केलंय की जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, त्यांचे हक्क नोंदलेच गेले नाहीत. मग आपण कशाला स्वतःला अतिक्रमणवाले म्हणायचं? जबाबात सांगा, "मी कसतो", "आमचं नेवाड". नेवाड हाच शब्द लिहायला लावा. लिहिणाऱ्याला कळला नाही तर तो विचारेल, आणि विचारलं की आपण सांगू. ते चांगलंच.

एक आहे, दंडाच्या जुन्या पावत्या, गुन्ह्याचे जुने कागद फेकू नका. त्यावर अतिक्रमण लिहिलेलं असू दे. त्यावर तारीख आहे आणि शिक्का वनखात्याचा आहे. ज्या कागदावर तुम्हाला चोर लिहिलं, तोच कागद सांगतो की तुम्ही त्या साली त्या जागेवर होता.

आता बायांकडे वळतो. वन हक्क समितीत दहा ते पंधरा माणसं असतात. त्यातल्या एक तृतीयांश तरी बाया हव्यात. बऱ्याच गावांत नावं लिहिलीत. पण बैठकीत ग्रामसेवक मराठीत बोलायला लागला की बाया पदर ओढून मागे बसतात. मग तो लिहितो, "महिलांनी सूचना केल्या नाहीत." त्याच बाया पाण्यावर जाताना तासभर जंगलाबद्दल बोलतात. एका पाड्यावर आम्ही एवढंच केलं: सामूहिक हक्काचा फॉर्म भरायची बैठक पूर्ण पावरीत घेतली, ग्रामसेवकाला चहा देऊन ओट्यावर बसवलं आणि शेवटी बोलावलं. बायांनी एकामागून एक नावं सांगितली. कुठली भाजी पहिल्या पावसात, कुठला कंद कुठल्या उतारावर, बाळंतिणीला कुठली साल, झाडूचं गवत कुठे, कुठल्या वाटेने लाकूड आणायचं, उन्हाळ्यात पाणी कुठे टिकतं. दोन पानं भरली. आधीच्या फॉर्मवर काय होतं माहीत आहे? "जळाऊ लाकूड, चारा व इतर." आख्खं जंगल त्या "इतर"मध्ये गेलं होतं. उद्या कोणी गार्ड म्हणाला की कंद खणायचा हक्क कुठे आहे, तर "इतर" दाखवून काय होणार?

ही नावं मराठीत करायच्या भानगडीत पडू नका. मराठी नाव माहीत असलं तर पुढे लिहा, नसलं तर आपलं नाव तसंच बाळबोध अक्षरात लिहा. चुकीचं मराठी नाव लिहिलं तर दुसऱ्याच झाडाचा हक्क मिळेल.

सामूहिक दाव्यात आणखी एक शब्द जपून वापरा. मराठीत "आम्ही" आणि "आपण" हे दोन वेगळे आहेत. आम्ही म्हणजे बोलणारे, ऐकणारा त्यात नाही. आपण म्हणजे ऐकणाराही आत. साहेब सभेत गोड बोलतो, "हे आपलं जंगल आहे, आपण वाचवू." ऐकायला बरं वाटतं. पण त्या "आपलं"मध्ये खातं आत शिरतं. दाव्यात लिहा, "आमच्या गावाचं जंगल", आणि पाड्यांची नावं लिहा. शेजारच्या गावाबरोबर समाईक असेल तर त्या गावाचं नाव लिहा. एकदा हक्क लागला की मग खुशाल "आपण" म्हणू.

आश्रमशाळेतल्या पोरांचं थोडक्यात. घरी नोटीस आली की पोराला वाचायला लावतात. पोरगं धडाधड वाचतं, "आपला दावा पुराव्याअभावी अमान्य करण्यात येत आहे", आणि म्हातारा विचारतो, म्हणजे काय? पोरगं म्हणतं, दाव्याचं काहीतरी आलंय. अक्षर वाचता येणं आणि कागद कळणं यात फरक आहे. पोरावर रागवू नका, त्याच्या पुस्तकात "अमान्य" कधी आलंच नाही. नोटीस समितीकडे न्या, त्याच दिवशी न्या. निकालावर वर दाद मागायला साठ दिवस असतात, ते घरात पत्र्याखाली खोचून ठेवण्यात जातात.

याच पोरांना काही जण हसतात, की पावरी बोलताना मध्येच मराठी घुसवतात, धड ही नाही धड ती नाही. आमचं मत वेगळं आहे. ज्याला दोन्ही येतात तोच मिसळू शकतो. घरी आजीशी बोलताना तो मिसळत नाही, दोस्तांशी बोलताना मिसळतो, मास्तरांशी पुन्हा वेगळं. कोणाशी काय बोलायचं हे त्याला बरोबर कळतं. ग्रामसभा, सातबारा, पट्टा, मोर्चा हे शब्द आपण सगळेच आपल्या बोलण्यात घेतले, त्याने आपली भाषा बुडाली नाही. असली मिसळणारी पोरंच आपले उद्याचे दुभाषे आहेत. फक्त त्यांना एक शिकवा: दुभाष्याने आपलं डोकं मध्ये घालायचं नाही. आजा म्हणाला "मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली" तर तेवढंच सांगायचं. स्वतः सन ठरवून सांगायचा नाही.

काही साथी विचारतात, सरकार आपल्या भाषेत का लिहून घेत नाही? २००१ च्या जनगणनेत भिली बोलणारे सुमारे ९६ लाख मोजले, गोंडी बोलणारे २७ लाखांवर. तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांत दोन्ही नाहीत. २००३ च्या दुरुस्तीत संथाली आणि बोडो आत आल्या, तिथल्या लोकांनी लांब लढा दिला म्हणून. आपली लढाई व्हायची आहे. पण तोवर हात बांधलेले नाहीत. घटनेचं कलम ३५० सांगतं की कोणत्याही माणसाला आपल्या तक्रारीचा अर्ज, देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याकडे देता येतो. तेव्हा पुढच्या मोर्चात आपण एक निवेदन पावरीत आणि एक भिलीत द्यायचं, बाळबोध अक्षरात, सोबत मराठी प्रत. टपाल शाखेत पोच मागायची. आणि मागणी लिहायची: उपविभागीय समितीच्या प्रत्येक सुनावणीला आपली भाषा जाणणारा माणूस बसवा, आणि तो माणूस ग्रामसभेने सुचवलेला असावा, वनखात्याचा वॉचमन नको. तो आपल्याच समाजाचा असतो, पण पगार तिकडचा असतो. त्याला अडचणीत टाकू नका आणि स्वतःही पडू नका.

जेवणानंतर सराव आहे. पाच-पाच माणसांचे गट करा, शक्यतो एका पाड्याचे एकत्र बसू नका. एक जण साहेब होईल आणि "ना" लावून प्रश्न विचारेल, जितके वाकडे विचारता येतील तितके विचारा. एक आजा किंवा आजी, तिने आपल्या भाषेत सांगायचं. एक दुभाषा, एक लिहिणारा. पाचवा माणूस काहीच बोलणार नाही. तो शेवटी कागद हातात घेईल आणि आजीला विचारेल, तू काय सांगितलं होतंस? मग वाचून दाखवायचं आणि कुठे कुठे फाटलं ते मोजायचं. बायांच्या गटात साहेब बाईच होईल, मोलगीच्या ताईंनी तयारी दाखवली आहे, त्या खुर्चीही घेऊन आल्यात. कोरे कागद आणि पेन्सिली दारापाशी ठेवल्या आहेत. ज्यांच्याकडे जुने जबाब किंवा नोटिसा आहेत त्यांनी त्या जेवणाआधी आमच्याकडे द्या, सरावाला खरे कागद लागतील, संध्याकाळी परत मिळतील.